सगळं मापलं, सासूबाई सोडून

...नाही, मला सांगा ना, माणसाला तोंड धुवायला काय लागतं? पाणी! एक खोलगट जागा आणि पाणी! पण नाही, आमच्या हिला, ग्लेनिसला, वाडगा पाहिजे होता. हो हो, वाडगाच. बेसिन ओट्याच्या आत असतं ना, ते आता जुनं झालं म्हणे, आता बेसिन ओट्याच्या वर ठेवायचं. टेबलावर सूपचा वाडगा ठेवतात तसं. का? तर दिसतं छान. अहो, तोंडच धुवायचं होतं हो!

आता हे सगळं कुणासाठी, तर आमच्या सासूबाईंसाठी. एडना नाव, वय सत्त्याऐंशी, जीभ सत्तावीस. अथर्टनला एकट्या राहायच्या, त्या आमच्या गावी मरीबाला यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. म्हणाल्या, ‘‘नेव्हिल, जोवर माझं तोंड मला धुता येतंय तोवर तुमच्याकडे राहीन. ज्या दिवशी दुसऱ्या कुणी माझं तोंड पुसलं, त्या दिवशी मला वृद्धाश्रमात सोडून यायचं.’’ झालं! ग्लेनिसनं आईसाठी अख्खं बाथरूम फोडायला घेतलं. मी म्हटलं, आहे ते बेसिन ठीक आहे की! तर म्हणाली, ‘‘माझी आई त्या डाग पडलेल्या भांड्यात तोंड धुणार?’’

म्हणून घाट उतरून खाली केर्न्स शहरात गेलो. दुकानात एक शनेल नावाची मुलगी. मला म्हणते, ‘‘सर, तुम्हाला यातून काय जाणवतं?’’ मी म्हटलं, बाई, पाणी खाली जाईल का एवढंच जाणवायचं आहे! तुम्हाला सांगतो, गोल वाडगा, चौकोनी वाडगा, दगडाचा वाडगा, काचेचा, आणि एक तर असा वाकडातिकडा की बनवताना कुणीतरी त्यावर बसलं असावं. तो ग्लेनिसला आवडला! मग नळ. वाडगा उंच म्हणून नळ त्याहून उंच, बगळ्यासारखा. त्यावर पाणीबचतीचे सहा तारे छापलेले. आता आपल्याकडे जितके तारे जास्त तितकं पाणी कमी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आमच्याकडे पाणी टाकीतलं, पावसाचं, पंप माझ्या वयाचा. मी तोंड उघडलं... ग्लेनिसनं असं बघितलं... मी मिटलं. कारण शेजारच्या थेल्माच्या नळाला चारच तारे आहेत ना! म्हणजे आता पाणी नाही आलं तरी चालेल, पण थेल्माच्या वर दोन तारे आले पाहिजेत.

बरं, आणलं घरी. मी पान्हा काढला. चाळीस वर्षं आंब्याच्या बागांचे पंप खोललेत मी! तर ही कमरेवर हात ठेवून, ‘‘परवाना आहे का तुझ्याकडे?’’ घ्या! अख्ख्या बागेला पाणी पाजलेलं चालतं, पण स्वतःच्या घरातला नळ बसवला की गुन्हा! मग कोस्टाला फोन. कोस्टा प्लंबर. ‘‘येतो मित्रा, मंगळवारी.’’ कुठल्या मंगळवारी ते विचारायचं नसतं. नेमका तेव्हाच बॅरामंडी मासा धरायचा हंगाम उघडला, आणि त्या दिवसांत या भागातला एकही प्लंबर नदी सोडून दुसऱ्या पाण्याकडे बघत नाही. तीन आठवडे! तीन आठवडे आम्ही जिना उतरून, खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घराखाली, कपडे धुवायच्या सिमेंटच्या हौदाशी दात घासत होतो. ग्लेनिस रोज म्हणायची, ‘‘तात्पुरतं आहे, नेव्हिल.’’ अहो, तोंडच धुवायचं होतं हो!

शेवटी आला कोस्टा. उन्हानं भाजलेला, नाक सोललेलं, खूश. आधी मासा केवढा होता ते हातांनी दाखवलं, मग चहा, मग खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक, मग दुसरा लॅमिंग्टन, मग वाडगा बसवला. नळ सोडला. आणि पाणी कसं आलं म्हणता? सलाईन लावल्यासारखं! टप्... टप्... ग्लेनिस म्हणाली, ‘‘किती शांत वाटतं ना!’’ मी म्हटलं, हो, चेहऱ्याला साबण लावून उभं राहा, दुपारपर्यंत शांतच वाटेल. मग कोस्टानं नळातली पाणी अडवणारी चकती काढली, पंपाचा जोर वाढवला, आणि आता काय? वरून धार सुटली ती वाडग्याच्या बुडावर आपटून थेट माझ्या पँटवर! आणि कुठे, ते विचारू नका. तसाच क्लबात गेलो तर बारवरचा लेस म्हणतो, ‘‘होतं रे या वयात, लाजू नकोस.’’

पण मीही जिद्दीचा. दोन दिवस खपून शोधून काढलं, नळ किती फिरवला की धारही नाही आणि टपटपही नाही. तिथे रंगाचा ठिपका दिला. सगळं जमलं. टॉवेलसुद्धा नवे.

रविवारी सासूबाई आल्या. चहाबरोबर भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, केले होते, पण त्या म्हणाल्या, आधी हात-तोंड धुते. ग्लेनिस मारे थाटात त्यांना बाथरूममध्ये घेऊन गेली. दार उघडलं. आम्ही ओटा मापला होता, नळ मापला होता, भिंत, आरसा, पाइप सगळं मापलं होतं. सासूबाई मापल्या नव्हत्या! चार फूट दहा इंच! वाडग्याचा काठ त्यांच्या छातीशी. शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकावावं तशा त्या आत बघत होत्या. टाचा उंचावून हात नळापर्यंत नेला... पोचला नाही. मी फिरवून दिला, तर पाणी हातावरून उलटं कोपरापर्यंत, तिथून बाहीत. ग्लेनिस टॉवेल घेऊन पुढे धावली, आईचं तोंड पुसायला. आणि मध्येच थांबली.

मला त्या पोरीची, म्हणजे माझ्या बायकोची, एवढी दया आली की काय सांगू! थेल्मा, तारे, सगळं विसरलो. वाटलं, गेली म्हातारी वृद्धाश्रमात, एका वाडग्यापायी.

सासूबाईंनी टॉवेल तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, ‘‘छान आहे गं. फुलं ठेव त्यात.’’ आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या, त्या सिमेंटच्या हौदाशी. पितळी तोटी सोडली, खळाखळा तोंड धुतलं, वर बघून ओरडल्या, ‘‘नेव्हिल! माझी बॅग वर ने. राहते मी!’’

तेव्हापासून आमचं सगळं घर खाली तोंड धुतं. आधी सासूबाई, मग ग्लेनिस, आणि तिसरा मी, खांद्यावर टॉवेल टाकून. आणि वर? वर वाडग्यात एक हिरवा बेडूक येऊन राहिलाय. दोनदा बाहेर सोडला, दोनदा माझ्या आधी परत आला. ग्लेनिस पाहुण्यांना दाखवते, म्हणते, मुद्दाम ठेवलाय. आणि मी रोज सकाळी आधी वर जाऊन त्या ठिपक्यापर्यंत नळ फिरवून देतो त्याला... काय करणार? त्याचाही हात पोचत नाही हो!