सुट्टीत निघाली सासू

मी मूळची रामाकोन्याची. बापाची थोडी शेती होती, अन् उन्हाळ्यात बाप डोंगरात तेंदूपत्ता तोडायले जाय, भावाले घेऊन जाय अन् मले नाई, मी म्हणो बाबा मले जंगल पाहाचं आहे, तं बाप म्हणे पोरीच्या जातीनं जंगलात काय पाहाचं, जाय, मायले चुलीपाशी मदत कर. तेव्हा जे चुलीपाशी बसली ते बसलीच पाहा. लगन होऊन पांढुर्ण्याले आली, मालक कापसाच्या जिनिंगमधी कामाले, पगारात भागे नाई म्हून मी घरीच खानावळ काढली, बाहेरगावचे मास्तर, बँकेतले साहेब, कॉलेजचे पोट्टे, सकाळ-संध्याकाळ पोळ्याच पोळ्या. सण असो का आंगात ताप असो, ताट वाढाच लागते. काय सांगू तुम्हाले, माह्या हाताचा पिठाचा वास साबणानंही जात नाई.

यंदा मालक कामावरून रिटायर झाले, तं मी सांगून टाकलं, मले दोन दिवस पेंचच्या जंगलात न्या. वाघ दिसो का न दिसो, पण जंगल मी पाहीन, अन् माह्या जेवणाचं ताट दुसऱ्या कोणीतरी आणून माह्यापुढं ठेवलं पाह्यजे. मालक म्हणे आता म्हातारपणी हनिमून कायले? पण नेलं बिचाऱ्यानं. पोरीनं मोबाइलवर लॉज शोधून देलं, घरगुतीच होतं, समोर घरच्यायचं राहणं, मागं पाहुण्यायच्या चार खोल्या, अन् कुंपणापलीकडं जंगल. मी अंगणात खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले. बाप्पा, काय बरं वाटलं!

अन् इथंच आमच्या मालकाची खोड आडवी आली. आमच्याकडच्या माणसाले हा रोगच आहे, माणूस दिसला का आडनाव पुस, आडनाव झालं का गाव पुस, गाव झालं का तिथले कोण कोण तुमचे ते पुस, सोयरिक निघत नाई तोवर याच्या पोटात अन्न जात नाई. लॉज चालवणारा गजानन चा घेऊन आला, तं यायनं पुसलंच, तुम्ही कोण्या गावचे? तो म्हणे मूळ सौंसरचे. अरे, आमची माय सौंसरचीच! मी डोळे वटारून राहिली, चिमटे घेऊन राहिली, पण थांबते कोण? निघाले दोघंही मामाच्या काकाच्या साल्याच्या मागं मागं, अन् चा थंडा व्हायच्या आत निघालं का गजाननचा मेलेला बाप माह्या सासूचा मामेभाऊ लागत होता. माही सासू तं गेली, देव तिले बरं ठेवो, पण गजाननची माय जिती होती. मतलब माही मामेसासू. पाहा आता! मी सुट्टी घ्यायले गेली अन् मले सासू निघाली.

डोक्यावर पदर घेतला, पाया पडली. मामी म्हणे, सून पहिल्यांदा घरी आली, पुरण केल्याबिगर, ओटी भरल्याबिगर मी जाऊ देत नाई. मी म्हटलं मामी, आमी गिऱ्हाइक आहो, सकाळी जंगल पाहाले आमची जिप्सी गाडी आहे. मामी म्हणे, अवं गिऱ्हाइक कोणाले म्हणतं? झालं! आता तुम्ही म्हणान, बसाचं होतं खुर्चीवर. कसं बसाचं? गजाननची बायको बाळंतपणाले माहेरी गेली होती, घरात ही एकटी म्हातारी, कंबरेतून वाकलेली, ते दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटून राहिली अन् सून अंगणात पाखरं पाहून राहिली, हे कोण्या गावात होते सांगा! मी पदर खोचला. म्हटलं दोन पोळ्या लाटून देते अन् जाते, तं दोनाच्या चार झाल्या, अन् तिकडं जिप्सीचा हॉर्न. मालक दारातून म्हणतात, चालतं का? मी तव्याकडं पाहिलं, मामीकडं पाहिलं, अन् तोंडातून निघालं, जा तुम्ही. अन् गेले नं! दुसऱ्यांदा पुसलंही नाई, जंगलासाठी घेतलेला माहा नवा टोपा घालून गेले!

वापस आले तं पाय जमिनीवर नाई. वाघ दिसला म्हणे! मोबाइल नाकापुढं धरून राहिले, पाह्य, हा पट्टा पाह्य, ही शेपूट पाह्य, अन् लगेच म्हणतात, पोळ्या झाल्या का, लय भूक लागली. माही सटकली. लाटणं आपटलं. म्हटलं बापानं चुलीपाशी बसवलं, तुम्ही बसवलं, अन् सुट्टीतही चूलच! कुठंही जा, पळसाले पानं तीनच! सासू बाजूले बसली आहे याचंही भान नाई राहिलं, रडूच आलं मले.

मंग घाबरून मामीकडं पाहिलं, तं मामी पदरानं तोंड दाबून हसून राहिली. हसता हसता डोळे पुसले अन् म्हणे, मंदा, मी नांदायले आली तेव्हापासून हे जंगल माह्या कुंपणापाशी आहे, सारी दुनिया येते, पाहून जाते, मी डबे बांधून देते. आतमधी मी एकदाही नाई गेली वं. कोणी म्हटलंच नाई, चाल म्हून.

मी म्हटलं उठा मामी. ते म्हणे, अवं, अन् संध्याकाळचा सैपाक? पाहुणे येऊन राहिले. मी म्हटलं तुमचा भाचा वाघ पाहून आला नं, तो करन, अन् मालकाच्या हातात लाटणं देलं. गजानन म्हणे, आई, तुह्या कंबरेले गचके सोसन का? मी म्हटलं तू गाडी सांग बावा, कंबर आमची आमी पाहून घेऊ.

दुपारच्या जिप्सीत आमी दोघी सासू-सुना. वाघबिघ काई दिसला नाई, हरणं दिसले, मोर दिसले, एक डुकरीण पिल्लं घेऊन आडवी गेली. मामी सारी वाट दांड्याले धरून बसली होती. तलावापाशी गाडी थांबली तं म्हणे, इतकं मोठं होतं हे? बस, इतकंच. मी तिचा हात धरून बसली.

घरी येऊन पाहतो तं धूरच धूर, मालकाच्या पोळ्या कुत्र्यानं हुंगून सोडल्या होत्या, पाहुणे दहीभात खाऊन राहिले होते. अन् मामीनं माही ओटी भरलीच.

आता खानावळ चालूच आहे, बंद थोडीच होते? तुम्ही आले तेव्हाही मी कणीकच मळून राहिली होती. अन् सोयरिक निघाली म्हणजे ते काय तिथंच राहते? परवा मामीचा फोन आला, म्हणे मंदा, मी चार दिवस पांढुर्ण्याले राहाले येते, पण आधीच सांगून ठेवते, तुह्या चुलीकडं मी पाहाची नाई. मालक म्हणे, घ्या, आता तिचं कोण करन? मलेही वाटलं, इथं माहीच कंबर मोडून राहिली, अन् त्यात हे! पण म्हटलं, मीच करीन, दुसरं कोण करते? देव त्या बाईचे हातपाय धड ठेवो. या म्हटलं मामी, या, अंगणात खुर्ची टाकून देते. तुम्ही नुसत्या बसा, ताट मी आणून देते.