सूपभर ओट्स

—त्या खुर्चीवर नको हो मॅडम, तिच्या पायाचा भरवसा नाही, इकडे दिवाणावर बसा. ते पाखडायचं सूप जरा सरकवा—नाही, थांबा, मीच सरकवते, सांडलं तर पंचाईत. तुम्ही संध्याकाळी येणार होतात ना? म्हणून तर गुंडू आणि कमलाक्षी मार्केटात गेलेत, माझा मुलगा आणि सून. मॅडम येणार म्हणून मल्लिगेची, मोगऱ्याची माळ पाहिजे, मैसूरपाक पाहिजे, सुनेनं तर हेब्बाळच्या कंपनीतनं रजा काढलीय. मी म्हटलं, अरे, मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे का हा? तर म्हणतो, अव्वा, तू फक्त गप्प बस. बसलेय की गप्प! तुम्ही बेळगावच्या ते बरं झालं, नाहीतर आमचं हे म्हैसूरचं मराठी, निम्मं कन्नड, ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारीला ताप चढलाय.

तुंगा? आहे की. येईल. कॉफी टाकते, उतरू दे जरा. पोरगी सोन्यासारखी हो. तुमच्या संस्थेतनं दत्तक आणल्यापासनं एक खोडी म्हणून नाही. जेवते का? भरपूर! हातात दिलेली चपाती कधी परत करत नाही. अर्धी खाते, अर्धी ठेवते—आता काटकसर काय वाईट आहे का? ठेवते म्हणजे—उशीखाली, देव्हाऱ्यामागं, गुंडूच्या मशीनच्या खणात. परवा एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या बाहीत निघाली, चांगला रेशमी ब्लाउज, बाई मुंजीला निघालेल्या! गुंडू हात जोडून उभा. बाई भल्या म्हणून हसल्या, म्हणाल्या, शिलाईबरोबर फराळ पण देता का राव? आणि चावायचं म्हणाल तर अजिबात चावत नाही. एकदाच चावली, ते पण दातांच्या डॉक्टरला. त्यानं बोट तिच्या तोंडात घातलेलं, मग पोरीनं काय करायचं? आणि झोप एकदम शांत. चपला घालून झोपते एवढंच. पाय गार पडत असतील, दुसरं काय? काढायला गेलं की दचकून जागी होते, मग सून त्याच चपला रोज धुऊन पुसून देते, काय करणार!

हे लिहून घेताय का? नका लिहू हो. मी एक विचारू? सहज हं. गिऱ्हाईक कपडा नेतं, घरी घालून बघतं, काखेत दाटतं म्हणून परत आणून टाकतं. तसं काही तुमच्यात असतं का? म्हणजे चपात्या-बिपात्या बघून तुम्ही म्हणाल, या घराला पोरगी बसत नाही, द्या परत—नाही, नाही, सहज विचारलं. तुमचा फोन आला तेव्हापासनं गुंडूला हेच विचारतेय. गुंडू म्हणतो, अव्वा, बघायला येतात नुसत्या. नुसतं बघायला बसभाडं खर्चून कोण येतं का?

अय्यो, परत तुंगाच! शेजारी आहे हो, शांताक्काकडे. खेळायला? हां, खेळायलाच—म्हणजे—देऊन टाकलीय तिला. आजपासनं तिची. अहो मॅडम, उठता कुठं? फोन ठेवा तो! विकली कुठं मी, उलट विकत घेणार आहे, तुम्ही गेल्यावर! बसा. बसा म्हणते ना. आता तोंडातनं गेलंच आहे तर पुरतं ऐका.

गुंडूच्या आधीची माझी दोन गेली. पाळण्यातच गेली. मग गुंडू झाला तशी सासू म्हणाली, सोयरा, हा तुझा म्हणून ठेवलास तर हा पण जाईल. उचलला आणि शांताक्काच्या सासूच्या पदरात टाकला. मोठ्यानं म्हणायचं असतं, हा माझा नव्हे, तुझा—सटवाईला ऐकू गेलं पाहिजे. मग संध्याकाळी सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचा. फुकटात आलेल्यावर सगळ्यांचा डोळा, विकत घेतलेल्याला कोण हात लावतो? नाव पण गुंडू ठेवलं, म्हणजे दगड. शाळेत वेंकटरमण. तर तो दगड बघा, ढेरी सुटली तरी हलला नाही माझ्या घरातनं! म्हणून म्हटलं, ही दोघं मार्केटात आहेत तोवर तुंगाचं पण उरकून घ्यावं. तुम्ही विचारणार, मुलगी कुठाय. आम्ही म्हणणार, आमची नव्हेच ती, शेजारणीची. मग तुम्ही नेणार कुणाला? यमाला फसवलं तिथं तुमची काय कथा—रागावू नका हं. आता कोंडा मिळतोय कुठं? गिरणीवाला म्हणतो, अज्जी, तो जमाना गेला. मग सुनेचा तो डबा उघडला, सकाळी दुधात घालून खाते ना—ओट्स. चव बघितली मी. कोंडाच तो. उगाच महाग.

काय म्हणालात? परत नेत नाही? कधीच नाही? कोर्टात झालंय पक्कं, आमचीच, माझ्या गुंडूसारखीच आमची? मग तुम्ही येता कशाला? मदतीला! सरकारी शिक्का बाळगणारा माणूस मदतीला घरी आलेला मी तरी जन्मात बघितला नाही. चपात्या लपवणारी पुष्कळ असतात? आणि त्यांचे आई-बाप महिन्याला जमून बोलतात, रडतात, हसतात, तुम्ही वाट दाखवता? आज्यांना पण घेता का त्यात? अय्यो देवा, हे आधी सांगितलं असतंत तर शांताक्काचे पाय धरायला लागले नसते मला. थांबा, नीट चिकोरी घातलेली कॉफी देते तुम्हाला. मघाची पातळ देणार होते.

तुंगाला काय सांगितलं? तिला काय सांगायचं, एवढंसं पोर. हाताला धरून शांताक्काच्या उंबऱ्यावर नेली आणि मोठ्यानं म्हटलं, ही माझी नव्हे, आजपासनं तुझी. कन्नडमधनं पण म्हटलं, मराठी तिला अजून पुरतं कळत नाही म्हणून. रडली? छे! सोन्यासारखी म्हटलं ना. चपला पायात होत्याच. पळत परत आली, देव्हाऱ्यामागची अर्धी चपाती काढली, फ्रॉकच्या खिशात घातली, आणि गेली बघा. मागं वळून पण बघितलं नाही तिनं. मी म्हटलं, किती शहाणी माझी—

मॅडम.

त्या चपला गारठ्यासाठी नव्हेत.

असं बघू नका माझ्याकडे. मला काय माहीत हो? सटवाईला ऐकू जावं म्हणून ओरडले मी, आणि ऐकलं पोरीनं! एकदा कुणीतरी टाकलेलं लेकरू, त्याला मी परत—विठ्ठला, जळो माझी जीभ! सूप द्या इकडे. नको, राहू दे, ओट्स गेले खड्ड्यात. मागचं दार कुठाय—हे काय, इथंच की! शांताक्का! ए शांताक्का, टीव्ही बंद कर, दार उघड! सरका हो मॅडम वाटेतनं, तुमची मदत-बिदत नंतर, तिघंही येतो तुमच्याकडे, नाही, चौघं, आता तुम्ही इथंच बसा. कॉफी गाळून घ्या हवी तर, आणि गुंडू आला तर सांगा, अव्वा एक शब्द बोलली नाही. तुंगे! चपला काढ ग बाळा, चपला काढ, आजी आली!