लाकडी दस्त्याची रायफल

...आणि वर मलाच विचारतात, एवढा वेळ लागतो का! अहो, एक रायफल घ्यायची होती हो, एकच! तोफखाना नव्हता उभारायचा! तुम्हाला सांगतो, या आमच्या केंटकीत बायको पसंत करायला मला इतका त्रास झाला नाही. लव्होनच म्हणाली, "रिटायर झालास ना, आता ती जुन्या लष्करी बांधणीची रायफल घेऊन टाक एकदाची, म्हणजे माझे कान सुटतील."

गेलो फेरेलच्या दुकानात. सोबत हार्लन, लव्होनचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. व्हिएतनामला जाऊन आलेला. पस्तीस वर्षं आम्ही दोघं हरणाच्या शिकारीला जातोय, पण त्या लढाईबद्दल हा माणूस चकार शब्द बोलेल तर शपथ!

फेरेलनं तीन मांडल्या. बेल्जियमची एफएएल, जर्मनांची जी-थ्री आणि आमच्याच फौजेची एम-चौदा. तिन्ही नागरिकांना मिळतात तशा, घोडा एकदा दाबला की एकच गोळी. गोळीही तिन्हींना तीच! मग भांडण कशाचं? पण नाही! फेरेल एफएएल कुरवाळत सुरू, "हातात घेऊन तर बघ, लोणी आहे लोणी!" तेवढ्यात काडतुसं घ्यायला आलेला एक टोपीवाला मध्ये पडला, "छे छे, जी-थ्रीच! चिखलात पुरा, तरी चालते!" चालते हो, पण तिचा गोळी आत चढवायचा खटका मागे ओढताना माझं मनगट बोललं, आणि काडतुसाची रिकामी पुंगळी म्हणे शेजाऱ्याच्या कुरणात जाऊन पडते! त्याच्या गाईंना काय सांगू? एक रायफल घ्यायची होती हो!

आणि खरं सांगू? माझा जीव एम-चौदावर. तो अक्रोडाचा दस्ता, ती लांबसडक नळी... दुर्बीण धड बसत नाही, वजनाला धोंडा, सगळं कबूल. पण देखणी!

मी हार्लनला म्हटलं, "बघ की जरा." त्यानं उचलली, आणि... कसं सांगू तुम्हाला... त्याचे हात आपोआप चालायला लागले. खटका मागे, आत नजर, बोटानं चाचपणी. बघतही नव्हता तिकडे. हार्लन दस्त्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "पावसात हे लाकूड फुगायचं." बस्स. इतकंच. मग अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली, आणि म्हणाला, "चांगली आहे. तुला आवडलीय ना? घे."

घे म्हणे! अहो, दर शिकारीला ती याच्या शेजारी टेकवून ठेवू? मी म्हटलं, "नाही रे, खांद्याला नीट बसत नाही."

"तुझ्या खांद्याला?" हार्लननं माझ्याकडे असं बघितलं की मी चटकन बेल्जियमवालीच उचलली. "हीच बांध रे, फेरेल!"

बाहेर आलो. गाडी रस्त्याला लागली. मग हार्लन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही." आणि त्यानंतर, आपणहून, त्या पावसाबद्दल बोलायला लागला. तिथं छावणीत त्याच्या शेजारी झोपणाऱ्या एका पोराबद्दल बोलला. घर आलं तरी उतरला नाही. मीही गाडी बंद करून बसून राहिलो.

काय बोलला, ते मी कुणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही. त्यामुळे झालंय काय, गावभर फेरेल छाती फुगवून सांगत सुटलाय, "एफएएल कशी पटवली बघा मी त्याला!"... आणि मी आपला मान डोलावतो, "हो बाबा, तूच पटवलीस!"