पडद्याचा शनवार

आगरदांड्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघत बसलेल्या चंद्राबाई कोळणीचं सगळं ध्यान मागच्या बोलण्यात होतं. शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांची, म्हणजे शनवारतेल्यांची मिलकाबाई भरतकाम करणाऱ्या केसरला दटावत होती.

“सिनेगॉगच्या पडद्याला उद्या सुई लावू नकोस. शनवार हाय.”

“शनवार तुमचा, मिलकाबाय. मी कुठं शनवारतेलीण?”

“तू न्हाईस, पण पडदा हाय ना!”

“अन् सणाला अर्धा राहिला तर? त्यावरची डाळिंबं दोऱ्यानं भरायची हायेत अजून.”

“अर्धाच टांगू. तू उद्या जेवायला ये.”

“अगं बाय! जन्मभर सुई चालवली, सुट्टी कुणी दिली न्हाय. शेवटी कापडानं दिली!”

चंद्राबाईनं मासळीची टोपली त्यांच्याकडं सरकवली.

“बाय, आमच्या टोपलीला कंचा वार?”