सकाळचं पहिलं पाणी

सर : मावशी, ती यादी कपाटातून कोणाला विचारून काढलीत?

मावशी : विचारायचं काय त्यात? चाळीस घरांचे नंबर माझ्या हातचे, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या.

सर : बाटल्या तुम्ही गोळा केल्यात, मान्य. पण यादी प्रयोगशाळेची आहे. कुठल्या नंबरचं घर कोणाचं, हे बाहेर फुटता कामा नये.

मावशी : बाहेरच्यांना कळू नये, हे मला कळतं. पण घरच्यांनाही कळू नये, हे कधी ठरलं? दारोदार उभी राहून कागद मी वाचून दाखवला. "तुमच्या नळाच्या पाण्याचा निकाल तुम्हाला कळवण्यात येईल." लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून सह्या केल्या, सर. तुमच्या पदव्या बघून नाही.

सर : कळवणारच आहोत. आधी आपला संशोधनाचा पेपर छापून येऊ द्या.

मावशी : सहा महिने तेच ऐकतेय! सतरा घरांच्या पाण्यात शिसं निघालंय. पेपर छापून येईपर्यंत ती माणसं काय तहानलेली बसणारेत?

सर : आवाज खाली. आकडे आधी फुटले तर जर्नल पेपर परत पाठवतं. माझे हात बांधलेले आहेत.

मावशी : बांधले कोणी? तुम्हीच ना? बरं, छापून आल्यावर तरी त्या लोकांना वाचता येईल?

सर : ज्या संस्था वर्गणी भरतात, त्यांना.

मावशी : म्हणजे पाणी त्यांच्या नळाचं, शिसं त्यांच्या पोटात, आणि वाचणार कोण, तर तुमचे सगेसोयरे! वा रे न्याय.

सर : तुम्हाला सोपं वाटतं. मागच्या खेपेला मी सगळे आकडे खुले केले होते. या, बघा, वापरा म्हटलं. दोन महिन्यांत दुसऱ्यांनी त्यावर पेपर काढला. माझ्या विद्यार्थिनीची चार वर्षं पाण्यात गेली. ती आता कुठे आहे, माहितीये? विम्याच्या ऑफिसात फॉर्म तपासते.

मावशी : माहितीये. निघाली त्या दिवशी माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. तुम्ही मीटिंगमध्ये होतात.

सर : मग तरीही?

मावशी : तरीही. तिचं वाईट झालं ते झालं. त्याची शिक्षा या सतरा घरांना का? आणि जगासाठी खुलं करा असं कुठे म्हणतेय मी? ज्याचं पाणी त्याला सांगा, एवढंच.

सर : आणि आकडा चुकीचा निघाला तर? लोक घाबरतील, बोंबाबोंब होईल.

मावशी : तीनदा तपासलेत. तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः मशीनपाशी बसला होतात, चहासुद्धा घेतला नव्हतात. आता उगाच शंका काढू नका. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार?

सर : मावशी, पुरे. यादी इथे ठेवा, नाहीतर मला वर कळवावं लागेल.

मावशी : कळव! खुशाल कळव! इथे पहिल्या दिवशी आलास तेव्हा बाटली धुवायची कशी, ते मी शिकवलं तुला. तेव्हा शंभरदा विचारायचास, "मावशी, बरोबर आहे ना?" आता एकदा विचार की!

सर : …मला 'तू' म्हणालात.

मावशी : म्हणाले. आणि आता ऐक. आज सकाळी मी तेवीस नंबरला जाऊन आले.

सर : काय? कशाला?

मावशी : चिठ्ठीवर तारीख राहिली होती, ती विचारायला. खोटं कशाला बोलू, निमित्तच होतं ते. त्या बाईचं बाळ चार महिन्यांचं. डब्यातल्या पावडरीचं दूध पितं. ती नळ सोडून पातेलं भरत होती. मला बघून हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं होतंत ना, म्हणून बाळाला सकाळचं पहिलंच पाणी वापरते."

सर : आपण असं कधीच सांगितलं नाही.

मावशी : आपण सांगितलं, रात्री नळ बंद केला की सकाळपर्यंत उघडायचा नाही. पहिलं पाणी आमच्या बाटलीत, मग तुमचं. का, ते सांगितलं नाही. तिला वाटलं, शिकलेली माणसं एवढं जपून नेतात, म्हणजे तेच सगळ्यात चांगलं असणार.

सर : रात्रभर पाइपात साचलेलं… सगळ्यात जास्त शिसं त्यातच उतरतं.

मावशी : हे तुला माहीत. मला माहीत. तिला कसं माहीत असणार? कुलूप तर आपण लावलं! आकडे आले तेव्हा कागद फायलीला मीच लावला, आणि नोकरीच्या भीतीनं तोंड शिवून बसले. स्वतःचीच चीड येते मला.

(सर खुर्चीत बसतात.)

सर : तिला सांगितलंत?

मावशी : सगळं. पातेलं मोरीत ओतलं, बाळाला आजच डॉक्टरांकडे ने म्हटलं. आता उरलेल्या सोळा घरांत जाणारे. अडवायचं तर अडव.

सर : तिनं… काही विचारलं?

मावशी : एकच. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

सर : मग? माझं नाव सांगितलंत?

मावशी : नाही. "आम्हाला" म्हटलं.