एकाहत्तर फटके आणि एक दार

(नोव्हेंबर १९९७, सोमवार. नाशिकजवळच्या एका गोल्फ क्लबाचं ऑफिस. सेक्रेटरी दीपकसाहेब आत टेबलाशी. मेंबरांच्या बॅगा उचलणारा कॅडी मनोज खिडकीबाहेर उभा. मैदानावर गवत निंदणारी त्याची मावशी, फुलाबाई, पायरीवर बसलेली.)

मनोज : चोरीच म्हणणार मी. तुमच्या कमिटीनं चोरी केली, साहेब, आणि तीही फळ्यावर, खडूनं. काल मी एकाहत्तर फटक्यांत अठरा होल संपवले. चाळीस जणांत माझ्या वर एकच माणूस. आज सकाळी येऊन बघतो तर माझ्या नावावर आडवी रेघ.

दीपक : मनोज, शब्द जपून वापर. प्रोफेशनल व्हायची चाचणी आहे ही, घरचा कारभार नाही. खेळ संपल्यावर पंधरा मिनिटांत खेळाडूने हॉलमधल्या टेबलाशी यायचं, अधिकाऱ्यासमोर फटक्यांच्या कार्डावर सही करायची. तू आला नाहीस. नियमाने बाद झालास.

मनोज : हॉल कुठं आहे?

दीपक : कुठे म्हणजे? आत.

मनोज : आणि कॅडी कुठपर्यंत येऊ शकतो?

फुलाबाई : पायरीपर्यंत. त्यांना कशाला विचारतो, मी सांगते ना. अकरा वर्षं झाली, मी बी पायरीपर्यंतच हाय.

दीपक : फुलाबाई, तुम्ही मध्ये बोलू नका. आणि मनोज, काल तू कॅडी नव्हतास, खेळाडू होतास. सरळ आत यायचं होतंस.

मनोज : सरळच आलो होतो. दारात दारवान यादव उभा. माझी बॅग रंगनाथसाहेबांच्या खांद्यावर होती.

दीपक : तो एक वेगळाच प्रकार. क्लबाचा मेंबर, ओझरला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि कॅडीची बॅग उचलतो.

फुलाबाई : परकार कसला? पैज हरले ते. बोलले, मनोजनं डाव्या हातानं मला हरवलं तर चाचणीला त्याची बॅग मी उचलीन. हरवलं यानं. मानूस शब्दाला जागला, अठरा भोकं फिरला, खांदा सुजवून घेतला. मी हळद लावायला सांगितली.

मनोज : तर यादवनं बॅग उचलणाऱ्याला सलाम ठोकला आणि आत सोडलं. ज्यानं खेळ केला त्याच्यापुढं हात आडवा घातला. रंगनाथसाहेबांनी आत जाऊन सांगितलं की खेळाडू बाहेर आहे, मी नुसता हमाल. सगळ्यांना तो विनोद वाटला. त्यांना लिंबू सरबत दिलं. मी चाळीस मिनिटं उन्हात.

दीपक : मला कोणी हे नीट सांगितलंच नाही.

मनोज : तुम्ही हसलात साहेब. दारापर्यंत ऐकू आलं.

दीपक : हे बघ, कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. इथे तुझ्याविरुद्ध कोणी नाही. तुझा खेळ मला आवडतो, मी चारचौघांत सांगितलंय.

मनोज : एप्रिलमध्ये पण सांगितलं होतं तुम्ही. अमेरिकेत गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत तो काळा पोरगा बारा फटक्यांनी जिंकला तेव्हा हॉलमध्ये टीव्हीवर दाखवत होते. आम्ही कॅडी काचेला नाक लावून बाहेरून बघत होतो. तुम्ही पेढे वाटले. बाहेर येऊन आम्हाला पण दिले. आणि भाषण केलं.

दीपक : हो, केलं. मग?

मनोज : तुम्ही म्हणालात, एके काळी तिथं काळ्या माणसाला फक्त बॅगा उचलायला ठेवायचे. खेळायला गेला तर बूट गाडीत बदल म्हणायचे, जेवायचं तर कॅडींच्या खोलीत. प्रोफेशनल लोकांच्या संघटनेत लेखी कलमच होतं, फक्त गोऱ्यांसाठी. एकसष्ट साली ते खोडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशीनं पण वाजवल्या.

फुलाबाई : मला कळलं काय बी नाय. पेढा चांगला व्हता.

दीपक : मनोज, कुठली गोष्ट कुठे नेतोस. ते कलम कुठे आणि आपला क्लब कुठे. आपल्याकडे असा काही नियम नाही.

मनोज : तेच तर वाईट आहे. त्यांचा लिहिलेला होता म्हणून खोडता आला. तुमचा कुठं लिहिलाय ते दाखवा, मी रबर घेऊन येतो. साहेब, तो पोरगा उद्या या मैदानावर आला, पाठीला बॅग आणि नाव आमच्यासारखं हरसूलच्या आदिवासी पाड्यावरचं, तर यादव त्याला कुठल्या दारानं घेईल?

दीपक : तू आता आवाज वाढवायला लागलास. मी कमिटीला कळवीन.

मनोज : कळवा. आम्ही पण कमिटीला एक कळवणार आहोत. आम्ही बत्तीस कॅडी. आजवर आमच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. रविवारपासून दिसणार.

दीपक : म्हणजे?

मनोज : म्हणजे साहेबांनी मारलेला प्रत्येक फटका कॅडी मोठ्यानं मोजणार. एक, दोन, तीन. चेंडू जिथं पडला तिथंच सापडणार.

फुलाबाई : सातव्या भोकापाशी मी असते. तिथं झाडाच्या बुंध्यात चेंडू जातो, मग साहेबांचा पाय लागतो, चेंडू आपल्या पायानं उजेडात येतो. लय गुणाचे पाय हायत एकेकाचे. नावं मला सगळ्यांची पाठ हायत.

दीपक : हे ब्लॅकमेल आहे.

मनोज : मोजणं आहे साहेब. शाळेत शिकवतात. मागच्या महिन्यात त्या सातव्या होलला तुमचे अकरा फटके झाले होते. कार्डावर सहा आले. मी काही बोललो?

दीपक : नाही.

मनोज : बोललो नाही.

दीपक : बरं. ऐक. पुण्याच्या पुढच्या फेरीची यादी पाचला फॅक्सने जाते. मी खास बाब म्हणून तुझं नाव घालतो. हे कार्ड घे. खिडकीतूनच सही कर. मी खाली कालची तारीख आणि वेळ टाकतो. झालं तुझं काम.

फुलाबाई : घे रे. लवकर घे.

मनोज : कालची तारीख नको.

दीपक : अरे, तुला पुण्याला जायचंय ना?

मनोज : लय जायचंय. सात वर्षं सोमवारी खेळलो साहेब, मैदान बंद असतं तेव्हा, मेंबरांनी टाकून दिलेल्या काठ्या तारेनं बांधून. घरी सांगून आलोय की आता बॅग उचलायला परत जाणार नाही. पण कालची तारीख घातली तर मी काल आत आलो होतो असं होईल. पुढच्या साली आमच्यातला बारकू खेळेल, तोही कॅडीच. माझ्यापेक्षा बरा खेळतो. तो पायरीवर उभा राहील आणि तुम्ही म्हणाल, अडवतंय कोण, मागच्या साली मनोजनं आतच सही केली होती.

फुलाबाई : मन्या, पाच वाजतील.

मनोज : वाजू दे मावशी.

दीपक : मग आजची तारीख घाल. पण उशिरा सहीचा वेगळा फॉर्म लागतो. तो मला भरावा लागेल. हा बघ. नाव, गुण, तारीख. आणि उशिराचं कारण.

मनोज : लिहा ना.

दीपक : खेळाडू वेळेत पोहोचला नाही.

मनोज : पोहोचलो होतो. चाळीस मिनिटं उभा होतो.

दीपक : दारवानाची चूक झाली असं लिहितो.

फुलाबाई : यादवच्या गळ्यात नका घालू. काल संध्याकाळी रडत व्हता तो माझ्याजवळ. दोन लेकी हायत त्याला. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.

दीपक : मग तांत्रिक कारण. असं लिहितात, कोणी विचारत नाही.

मनोज : मी विचारतो. तंत्र कुठलं?

दीपक : मनोज, पाचला दहा कमी आहेत. मी काहीतरी लिहून पाठवलं नाही तर तू जाशील. यात माझं काही जाणार नाही, तुझं जाईल. कळतंय ना तुला?

मनोज : कळतंय. हे घ्या, माझी सही झाली. आजची तारीख. आता पेन तुमच्याकडं. रकाना चांगला चार ओळींचा आहे, साहेब. लिहा, मला आत का घेतलं नाही?