अठरावं माप

काका : अगं, अर्जात कामगार नऊ लिही आणि मोकळी हो. तुझ्या वडिलांनी बावीस वर्षं नऊच लिहिले.

मुलगी : आपल्या शिलाईच्या दुकानात माणसं दहा आहेत, काका.

काका : दहावा मी. मी उद्यापासून येत नाही, झाले नऊ. काजं काय, घरी बसूनही करीन.

मुलगी : बाबांच्या जागी माझं नाव लावायला आलोच आहोत, तर आकडाही खरा लावू.

काका : नऊपर्यंत नुसतं पत्र दिलं की भागतं. दहा म्हटलं की नोंदणी आली, हजेरीपत्रक आलं, भरपगारी सुट्ट्या आल्या. मालक काय उगीच नवावर अडून बसले होते?

मुलगी : आणि उद्या तुमचे डोळे थकले की? बावीस वर्षं काम केल्याचा एक तरी कागद आहे तुमच्याकडे?

काका : मला कागद नको. मालकांना जाऊन दोन महिने होताहेत आणि त्यांचीच पोर सरकारी खिडकीवर त्यांना खोटं पाडणार. मला नाही बघवायचं ते.

मुलगी : मलाही सोपं नाही. चला, आपला नंबर लागला.

कारकूनबाई : शिवणकाम. मालक मयत, वारस मुलगी. मृत्यूचा दाखला आहे. कामगार किती?

मुलगी : दहा.

कारकूनबाई : मागच्या पत्रात नऊ आहेत. दहावा कधी लागला?

काका : कालच, मॅडम. अगदी नवाकोरा आहे.

कारकूनबाई : साठीचा नवाकोरा?

मुलगी : बावीस वर्षांपूर्वी लागले हे.

कारकूनबाई : पुरावा? तोंडी चालत नाही.

मुलगी : ही वही.

काका : पोरी, ती कशाला आणलीस?

कारकूनबाई : ही तर गिऱ्हाइकांच्या मापांची वही आहे.

मुलगी : दुमडलेली पानं बघा. नावाच्या जागी नुसतं 'काज' लिहिलंय, ते हे. अशी सतरा मापं आहेत. तपासणीला साहेब आले की बाबा यांना काजाच्या मशीनवरून उठवायचे, आरशासमोर उभं करायचे आणि टेप लावायचे. मोजणाऱ्याला वाटायचं, गिऱ्हाईक आहे.

काका : एकदा साहेबांनी मलाच विचारलं, इथे शिवतात कसं हो? म्हटलं, बाकीचं माहीत नाही, काजं झकास करतात.

कारकूनबाई : ते राहू द्या. हे गिऱ्हाईक नव्हते, हे कशावरून?

मुलगी : बाकी प्रत्येक मापापुढे कपडा दिल्याची तारीख आहे. या सतरांपुढे नाही, कारण कपडा शिवलाच नाही. आणि मापांच्या तारखा तुमच्या फाइलमधल्या तपासण्यांशी ताडून बघा.

(कारकूनबाई फाइल आणि वही शेजारी शेजारी ठेवून पानं उलटतात.)

कारकूनबाई : जुळतात. पहिलं माप, छाती बत्तीस.

काका : तेव्हा नुसता हाडांचा सापळा होतो मी.

कारकूनबाई : बाई, ही तुमच्या वडिलांची लबाडी आहे, त्यांच्याच अक्षरात. मी नोंदवून घेतली की ती फाइलला लागणार. दंडही तुमच्यावर येईल.

मुलगी : येऊ दे. अक्षर कोणाचं आहे ते बघूनच वही आणली मी.

कारकूनबाई : आणि हे अठरावं? हे पान दुमडलेलं नाही. वर 'काज'च आहे, पण त्या दिवशी आमची तपासणी नव्हती.

मुलगी : ते मलाही उलगडलं नाही. तेव्हा बाबा दवाखान्यातून घरी आले होते, एवढं आठवतं.

काका : दुपारी दुकानात आले होते. कोणाचं ऐकताहेत. मला म्हणाले, ऊठ, उभा राहा. मी लगेच आरशासमोर गेलो. विचारलं, साहेब आले का? तर म्हणाले, कोणी नाही आलं. या वेळी शिवायचाय.

मुलगी : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

काका : काय सांगणार? त्यांनी माझ्या छातीभोवती टेप धरला आणि तसेच उभे राहिले. मग आकडा मीच वाचून सांगितला.

मुलगी : कपाटात एक निळा शर्ट कापून ठेवलाय. मापाची चिठ्ठी नाही, काही नाही. कोणाचा असेल म्हणून मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले.

कारकूनबाई : रुजू झाल्याची तारीख पहिल्या मापाची धरते. त्याआधीचं मला लावता येणार नाही. सही इथे. काका, तुमचा अंगठा की सही?

काका : सही येते, मॅडम. पण कधी कोणी मागितली नाही. ... पोरी, आता कोणी मोजायला आलं तर मी कुठे उभा राहू?

मुलगी : मशीनवरून उठायचंच नाही. आणि तो शर्ट मी शिवते. काजं मात्र तुम्हालाच करावी लागतील.